अनुतापाचे सीमोल्लंघन

आश्विन शुद्ध प्रतिपदेला रेणापुरात घट बसले की पंचक्रोशीचा दिनक्रमच पालटतो. घरोघरी काळ्या मातीत धान्य पेरले जाते, देवापुढे नंदादीप तेवू लागतो आणि दिवसांची मोजणी तारखांनी न होता माळांनी होऊ लागते. आज तिसरी माळ, उद्या चौथी माळ, असे म्हणत माणसे पहाटेच रेणुकामातेच्या दर्शनाला निघतात. कोणी नऊ दिवस पायांत वहाण घालीत नाही, कोणी केवळ फलाहारावर राहतो, कोणी परडी घेऊन जोगवा मागतो. मराठवाड्यावर आदिशक्तीची कृपादृष्टी चहूबाजूंनी आहे. माहूरला रेणुका, तुळजापूरला भवानी, अंबाजोगाईला योगेश्वरी, आणि आपल्या उंबरठ्याशी ही रेणापूरची माउली. श्रद्धेची उणीव या भूमीत कधीच नव्हती.

परंतु दहाव्या दिवशी घट हलविल्यावर एक प्रश्न दरवर्षी मनाला टोचून जातो. नऊ दिवसांच्या या कडक व्रताने देहाचा शीण झाला, हे खरे. अंतःकरणात काही हलले काय? ज्या भावाशी बांधावरून अबोला होता, तो अबोला सुटला काय? ज्याचे देणे बुडविले होते, त्याचे देणे फिटले काय? व्रत पार पडले आणि व्रतस्थ जसाच्या तसा राहिला, तर त्या नऊ माळा कोणाच्या गळ्यात पडल्या म्हणावयाच्या?

विजयादशमीला आपण सीमोल्लंघन करतो. शिवेबाहेर जाऊन शमीचे पूजन करतो आणि सोने लुटून घरी परततो. या वर्षी विचारानेही एक सीमा ओलांडावी आणि आपल्या शेजारच्या एका धर्मजीवनाकडे, ख्रिस्ती धर्मजीवनाकडे, क्षणभर पाहावे, असे सुचवावेसे वाटते. त्या धर्मात पश्चात्तापाला आणि निष्कपट उपासनेला जे स्थान आहे, ते समजून घेण्यासारखे आहे. यात आपला देव्हारा सोडण्याचा प्रश्न नाही. शेजारच्या समईच्या उजेडात आपल्याच देव्हाऱ्यातील धूळ दिसली, तर तो उजेड परका का मानावा?

शिवाय हे शेजारी मराठीला परके नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, परंतु ओवी, अभंग आणि कीर्तन यांची साथ त्यांनी सोडली नाही. ख्रिस्तापर्यंतची आपली वाट तुकोबांवरून गेली, असे ते अभिमानाने सांगत. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. आणि अगदी अलीकडे, जानेवारी २०२० मध्ये, आपल्या शेजारी धाराशिवला, त्या वेळच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणारे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. २०२४ साली ते निवर्तले. मराठवाड्याने त्यांना जो मान दिला, त्यात शेजारधर्माचे भान होते.

आता मूळ विषयाकडे येऊ. आपला ‘पश्चात्ताप’ हा शब्द मोठा बोलका आहे. पश्चात् म्हणजे मागाहून, आणि ताप म्हणजे दाह. हातून पाप घडून गेल्यावर मनाला जो दाह होतो, तो पश्चात्ताप. बायबलमध्ये या अर्थाने जे मूळ शब्द येतात, त्यांचा रोख किंचित निराळा आहे. हिब्रू भाषेतील शब्दाचा अर्थ आहे मागे फिरणे, परत येणे. ग्रीक शब्दाचा अर्थ आहे मनाचा पालट. म्हणजे आपल्या शब्दात दाहावर भर आहे, तर त्यांच्या शब्दांत पावलावर. चुकीच्या वाटेने निघालेला वाटसरू नुसताच हळहळत बसला तर घरी पोहोचत नाही. त्याला उलट फिरावे लागते, आणि जितके अंतर चुकीचे तोडले तितके परत तोडावे लागते. ख्रिस्ती धर्मजीवनात पश्चात्ताप म्हणतात तो या परतीच्या प्रवासाला.

हा प्रवास कोठून सुरू होतो, हे येशूने एका दृष्टांतात सांगितले आहे. दोन माणसे मंदिरात प्रार्थनेला गेली. एक शास्त्राचार काटेकोर पाळणारा परूशी, दुसरा लोकांनी तिरस्कारलेला जकातदार. पहिल्याने देवापुढे आपल्या उपवासांचा आणि दानांचा पाढा वाचला आणि आपण त्या जकातदारासारखे नाही याबद्दल देवाचे आभारही मानले. दुसरा दूरच उभा राहिला, मान वर करण्याचेही त्याला धैर्य झाले नाही. छाती बडवीत त्याने केवळ दयेची याचना केली. येशूचा निर्णय असा की देवाच्या दृष्टीने निर्दोष ठरून घरी गेला तो दुसरा. पहिल्याचे उपवास खोटे होते असे येशूने म्हटलेले नाही. ते खरेच होते. परंतु त्या उपवासांची त्याने तुला केली होती आणि दुसऱ्या पारड्यात शेजाऱ्याला बसविले होते. आपण अनवाणी चालताना चप्पल घालून दर्शनाला आलेल्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर आठवावी. दृष्टांत दोन हजार वर्षांपूर्वीचा वाटणार नाही.

दुसरी कथा जक्कय नावाच्या मुख्य जकातदाराची. यरीहो नगरातील हा धनाढ्य माणूस बुटका होता. गर्दीतून येशू दिसेना म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला नावाने हाक मारून खाली बोलाविले आणि त्याच्या घरी पाहुणचार घेतला. गाव कुजबुजले. त्या वेळी जक्कयाने अश्रू ढाळले की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. ते सांगते त्याने मांडलेला हिशेब. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत. आपण होऊन अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर त्याचा पाचवा हिस्सा भरावा, एवढीच त्या समाजाच्या जुन्या नियमशास्त्राची अपेक्षा होती. जक्कय तेथे थांबला नाही. या घराला आज तारण लाभले, असे येशूने म्हटले ते या हिशेबानंतर.

आमच्याकडे नवरात्र येते तेच सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत. लातूरच्या मोंढ्यात मालाच्या राशी पडतात, वजनकाटे चालू होतात. काट्यावर कडता किती धरला, ओलाव्याच्या नावाखाली भाव किती पाडला, उचल दिलेल्या सालगड्याच्या खात्यावर आकडा कसा वाढत गेला, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. जक्कयाची कथा मोंढ्यातल्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या मापाचा आणि आमच्या मापाचा प्रश्न एकच आहे.

तिसरी गोष्ट कथाही नव्हे, एक साधी आज्ञा आहे, आणि मला ती सर्वांत कठीण वाटते. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की वेदीवर अर्पण आणले असता, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही किल्मिष आहे याची आठवण झाली, तर ते अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग येऊन अर्पण वाहावे. यातील बारकावा पाहण्यासारखा आहे. आपल्या मनात राग असेल तर, असे येथे म्हटलेले नाही. त्याच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर, असे म्हटले आहे. म्हणजे ज्याच्याकडून अपराध घडला, त्यानेच उठून जावयाचे. देव थांबावयास तयार आहे. पूजा अर्धी राहिली तरी त्याची हरकत नाही.

ख्रिस्ती उपासनेची घडण या आज्ञेभोवती झालेली दिसते. कॅथलिक परंपरेत प्रायश्चित्तकाळाचा आरंभ भस्माच्या बुधवारी होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून भस्म करतात आणि ते कपाळी लावतात. विभूती लावणाऱ्या आपल्या समाजाला त्याचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. तेथून पुढे ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवस उपवास, प्रार्थना आणि दानधर्म यांचा काळ मानला जातो. दर मिस्साविधीच्या आरंभीही उपासक आपल्या पापांची कबुली देतात, आणि त्या कबुलीत विचार, उच्चार व आचार यांच्या जोडीला चौथी बाब असते. करावयास हवे होते ते केले नाही, याची. आपल्याकडे कायिक, वाचिक आणि मानसिक हे तीन प्रकार सर्वांच्या तोंडी आहेत. विहित कर्म न करणे हेही पतनाचे कारण होय, असे याज्ञवल्क्य स्मृतीनेही सांगितले आहे. परंतु ते बहुधा संध्या चुकली, श्राद्ध राहिले, एवढ्यापुरतेच आपण घेतो. आजारी शेजाऱ्याला विचारावयास गेलो नाही, विधवा भावजयीच्या बाजूने पंचायतीत बोललो नाही, हे आपल्या पापांच्या यादीत येतच नाही.

व्यक्तिगत पापनिवेदनाचा संस्कारही कॅथलिक परंपरेत आहे. आत्मपरीक्षण, मनापासून खेद, धर्मगुरूपुढे स्पष्ट कबुली, क्षमेची घोषणा आणि शेवटी प्रायश्चित्ताचे आचरण, असा त्याचा क्रम आहे. ऐकलेले गुपित धर्मगुरूने कोणत्याही परिस्थितीत फोडावयाचे नाही, असा कडक नियम आहे. प्रॉटेस्टंट पंथीय बहुधा ही कबुली थेट देवापाशी देतात. येथे एक आक्षेप सहज सुचतो. पाप करावे, कबूल करावे, मोकळे व्हावे आणि पुन्हा करावे, असा हा सोपा व्यवहार तर नव्हे? आक्षेप रास्त आहे, आणि तो गंगास्नानालाही तितकाच लागू पडतो. त्याचे उत्तर त्या क्रमाच्या शेवटच्या पायरीत आहे. चोरीची वस्तू परत करणे, बदनामी केलेल्याचे नाव पुन्हा उजळ करणे, झालेले नुकसान शक्य तितके भरून देणे, हे त्या धर्मशिकवणीत क्षमेपासून वेगळे काढता येत नाही. ज्याने हा भाग वगळला, त्याने संस्काराची थट्टा केली.

बाह्य आचार आणि अंतरीचा पालट यांतील अंतर ज्यांनी स्वतःच्या जीवनात मोजले, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. संस्कृत विद्येने कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणाऱ्या या विदुषीने १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिच्या या निर्णयाने महाराष्ट्रात वादळ उठले आणि त्याविषयी आजही मतभेद असू शकतात. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात तिने जी कबुली दिली आहे, ती कोणत्याही धर्माच्या माणसाने वाचावी अशी आहे. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, परंतु ज्याच्या नावाचा तो धर्म, तो ख्रिस्त आपल्याला सापडलेला नव्हता, हे आपल्याला काही वर्षांनी उमगले, असे ती सांगते. विधी झाला होता, नाव बदलले होते, जगाने शिक्काही मारला होता, आणि तरी मुख्य गोष्ट राहिली होती! एवढी प्रांजळ कबुली जाहीरपणे देण्यास केवढे धैर्य लागले असेल! दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांना तिने केडगावच्या मुक्ती सदनात आश्रय दिला. १९०५ साली त्या सदनातील स्त्रिया आणि मुली प्रार्थनेत रडून आपले अपराध उघड सांगू लागल्या, ही घटना ख्रिस्ती इतिहासात प्रसिद्ध आहे. परंतु तेथील अश्रूंइतकेच तेथील जाते, चूल, हातमाग आणि छापखाना महत्त्वाचे होते. पालटलेल्या मनाला तेथे करावयास काम होते.

ख्रिस्ती समाजाने हा आदर्श सदैव पाळला, असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ रचले गेले, त्याच गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधला अल्प खंड सोडता, इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय चालले. धाकाने घडविलेली उपासना निष्कपट कशी असेल? जातिभेदाचे विषही तेथे गेलेच. मात्र स्वतःच्या शिकवणीचा आरसा त्यांना स्वतःकडेही वळवावा लागला. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लोकांकडून इतिहासात घडलेल्या पापांबद्दल देवाजवळ जाहीर क्षमायाचना केली. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली आपल्या धोरणपत्रात दलित ख्रिस्ती बांधवांना होणाऱ्या भेदभावाची कबुली दिली. कबुलीने इतिहास पुसला जात नाही. परंतु ज्या संस्थेला आपले चुकले असे म्हणता येते, तिला सुधारण्याची आशा उरते. आपल्या किती संस्थांना, किती गावांना, किती घराण्यांना हे म्हणता आले आहे?

दोन्ही धर्मांत भेद नाहीत, असे कोणी समजू नये. ख्रिस्ती श्रद्धेत क्षमा ही ख्रिस्ताच्या बलिदानातून लाभणारी कृपा आहे. आपल्याकडे कर्मफलाचा सिद्धान्त आहे, आणि त्याच्या जोडीला भगवंताच्या कृपेवरची भक्तांची निष्ठा आहे. ही तत्त्वज्ञाने एकमेकांत मिसळण्याचे कारण नाही. परंतु अनुतापाची वाट आपल्याला कोणी नव्याने दाखवावी, अशीही स्थिती नाही. स्मृतिकारांनी पाप उघड सांगण्याला ‘ख्यापन’ असे नाव देऊन त्याची आणि अनुतापाची गणना पापक्षालनाच्या साधनांत केली. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा हा सारा विचार विस्ताराने मांडला आहे. पैठणच्या नाथांनी देवीच्या जोगव्यालाच आध्यात्मिक अर्थ देऊन मनातले विकार टाकण्याचा उपदेश केला. आपल्याच मराठवाड्यातील औंढा नागनाथाच्या मंदिरात एका अनाथ बालकाचा आक्रोश ऐकून नामदेवांना आपल्या दुष्कृत्यांचा पश्चात्ताप झाला, अशी आख्यायिका आहे. तिच्या ऐतिहासिकतेविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु लोकमानसाने ती जपली, यालाही अर्थ आहे. संत जन्मतःच निष्कलंक असावा, असा हट्ट आपल्या लोकांनी धरला नाही. तो वळला, हेच त्यांना थोर वाटले.

आणि रेणुकामातेच्या कथेतही क्षमेचे केवढे मोठे रहस्य आहे! महाभारताच्या वनपर्वात ती कथा येते. क्षणभर चळलेल्या मनासाठी जमदग्नींनी तिला केवढी भयंकर शिक्षा फर्माविली आणि परशुरामाने ती अमलात आणली, हे सर्वांना माहीत आहे. पिता प्रसन्न झाल्यावर परशुरामाने मागितलेल्या वरांकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आई पुन्हा जिवंत व्हावी, हा एक वर, आणि आपल्याला मारले होते याची तिला आठवणही राहू नये, हा दुसरा. अपराधाची शिक्षा भोगून झाली तरी आठवणीचा काटा राहिला तर घर पुन्हा घर होत नाही, हे त्या पुत्राला कळले होते. येशूच्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील बापही असाच आहे. सारे धन उधळून, डुकरे राखून, उपाशी परतलेल्या मुलाने क्षमेचे शब्द मनात जुळवून आणले होते. बापाने ते पुरते बोलूही दिले नाहीत. दूरवर मुलगा दिसताच तो म्हातारा धावत सुटला.

तेव्हा उणीव आहे ती शास्त्राची नव्हे. पूजेच्या शेवटी आपण नित्य क्षमापन करतो. मंत्र चुकला, विधी राहिला, भक्ती उणी पडली, त्याबद्दल देवाची क्षमा मागतो. परंतु ज्याचा अपराध केला त्या माणसाची क्षमा मागण्याची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. देवापुढे साष्टांग लोटांगण घालणारा माणूस धाकट्या भावाच्या दारात चार पावले टाकू शकत नाही. देव कोठे फिरून बोलत नाही, म्हणून त्याच्यापुढे नमणे सोपे जाते. माणूस ऐकवून दाखवील, ही भीती असते. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या पश्चात्तापाचा खर्च कोणाही माणसापाशी चुकता होत नाही, तो पश्चात्ताप देवापाशीही जमा होत नाही. ख्रिस्ती शिकवणीतून आपण घ्यावे ते हे एक सूत्र, आणि ते घेण्यासाठी धर्म बदलावा लागत नाही.

नांगराच्या एकेका तासाने शेजाऱ्याचा बांध वर्षानुवर्षे कोरत नेलेला असेल, तर तो मोजून सरळ करावा. २००५ च्या कायदादुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. साडीचोळीवर बोळवण करून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली असेल, तर देवीची ओटी भरताना एकदा तिचा चेहरा आठवावा. घटातले धान वर येते ते ज्या काळ्या आईच्या कुशीतून, त्या कुशीत बहिणीचाही वाटा आहे. सालगड्याची खतावणी त्याच्यादेखत वाचावी. मोडलेल्या मैत्रीत चूक आपली असेल तर तसे शब्दांत म्हणावे. जे भरून देता येण्यासारखे उरले नसेल, तेथे निदान कबुली द्यावी. समोरचा क्षमा करील की नाही, हे आपल्या हाती नाही. उठून जाणे आपल्या हाती आहे.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपण आपट्याची पाने घेऊन घरोघर जातो आणि सोन्यासारखे राहा म्हणतो. ही चाल आपल्या पूर्वजांनी किती शहाणपणाने घालून दिली आहे! जेथे एरव्ही जाण्याचे निमित्त सापडत नाही, तेथे जाण्याचे निमित्त ही दोन पाने पुरवितात. परंतु आपण जातो ते जेथे आपले स्वागत ठरलेलेच असते तेथे. या दसऱ्याला रेणुकामातेच्या पायांवर वाहिलेल्या पानांतले एक पान बाजूला काढून ठेवावे आणि ज्या एका दाराकडे इतकी वर्षे पाहण्याचे टाळले, त्या दाराकडे आधी जावे. बहुधा ते दार फार दूर नसेल. बांधापलीकडे, गल्लीच्या टोकाला, नाही तर एकाच वाड्याच्या दुसऱ्या सोप्यात असेल. तेवढी सीमा ओलांडली, तर त्या दिवशीचे सोने खरे.